थंडीत टू-स्ट्रोक डर्ट बाईकचा सेल्फ लागत नसेल तर: नव्या मालकांसाठी क्रमवार मार्गदर्शन

थंडीत सेल्फ एकदा वाया गेला की हात आपोआप पुन्हा बटणावर जातो. दोन-चार वेळा दाबल्यावर आवाज जड होतो, मग नुसतं 'टक्' होतं आणि शेवटी तेही बंद. आता बॅटरी उतरलेली, प्लग भिजलेला, आणि मूळ दोष यांपैकी कशात होता हे कळायचा मार्गही गेलेला. म्हणून पहिली सूचना हीच: दोनदा दाबून गाडी उचलली नाही तर बटण सोडा आणि खालच्या क्रमाने तपासा.

हा लेख सेल्फ असलेल्या टू-स्ट्रोक एन्ड्युरो आणि मोटोक्रॉस गाड्यांसाठी आहे. बराचसा भाग कार्बोरेटरच्या गाड्यांचा आहे, इंजेक्शनच्या गाड्यांसाठी वेगळी पायरी दिली आहे.

थंडीत नेमकं बिघडतं काय

गिअर ऑइल घट्ट होतं आणि क्लच प्लेटा एकमेकींना चिकटून बसतात, त्यामुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. नेमक्या त्याच वेळी बॅटरीचा जोर कमी झालेला असतो. हवा थंड म्हणजे दाट, पेट्रोलची वाफ मात्र कमी होते, म्हणून मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. टू-स्ट्रोकमध्ये हे मिश्रण थेट सिलिंडरमध्ये जात नाही, आधी क्रँककेसमधून (पिस्टनखालच्या बंद कप्प्यातून) फिरून वर येतं. थंडगार धातूवर त्यातलं बरंचसं पेट्रोल थेंब होऊन बसतं आणि प्लगपाशी पोचतं ते आणखी लीन.

यात कळीची गोष्ट आहे फिरण्याचा वेग. इंजिन हळू फिरलं की कार्बोरेटरमधून पेट्रोल ओढणारा खेच कमी पडतो, चोक नीट काम करत नाही, आणि मॅग्नेटोवर (इंजिन फिरल्याने वीज तयार करणाऱ्या भागावर) चालणाऱ्या इग्निशनमध्ये ठिणगीही कमजोर पडते. 'चोकचा प्रॉब्लेम' म्हणून जे समोर येतं ते पुष्कळदा बॅटरीचं किंवा वायरचं दुखणं असतं. म्हणून आधी वीज, नंतर पेट्रोल. हा क्रम उलटा करू नका.

हाताशी काय ठेवाल

- डिजिटल मल्टिमीटर. या कामात याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.
- तुमच्या बॅटरीच्या प्रकाराला चालणारा चार्जर
- प्लग पाना आणि योग्य नंबरचा नवा प्लग
- वायर ब्रश, बारीक पॉलिश पेपर, काँटॅक्ट क्लीनर
- ॲलन की, टी-पाने, बारीक स्क्रू ड्रायव्हर
- गाडीचं मॅन्युअल. प्लगचा नंबर, गॅप, ऑइलचा ग्रेड, एअर स्क्रूचे फेरे हे सगळं त्यातूनच घ्या.

काम मोकळ्या हवेत करा. पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही हाताळायची आहेत, तेव्हा जवळपास हीटर, शेगडी, सिगारेट काही नको.

१. आधी आवाज ऐका

न्यूट्रलमध्ये, क्लच दाबून, एकदाच दोन-तीन सेकंद सेल्फ मारा आणि कान देऊन ऐका.

काहीच आवाज नाही: फ्यूज, बटण, कनेक्टर, क्लचचा किंवा न्यूट्रलचा स्विच, किंवा पार उतरलेली बॅटरी.

एकच 'टक्' आणि शांतता: रिले (बटण दाबल्यावर मोटरला बॅटरीची वीज जोडणारा स्विच) ओढतोय, पण मोटरपर्यंत करंट पोचत नाही. टर्मिनल, अर्थ वायर, रिलेचे आतले पॉइंट किंवा स्टार्टर मोटर बघायची.

'टक-टक-टक-टक' अशी झड: व्होल्टेज कोसळतंय. बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टर्मिनलचा जोड ढिला आहे.

मोटर 'सुंईं' करून सुसाट फिरते, इंजिन मात्र जागचं हलत नाही: स्टार्टरचा गिअर गुंतत नाहीये. सरळ पायरी ५ वर जा.

इंजिन जड जड, कण्हत फिरतं: पायरी २, ३ आणि ४.

इंजिन नेहमीच्या वेगाने फिरतं, पण पकडत नाही: वीज ठीक आहे. पायरी ६ वर जा.

२. बॅटरी

आधी बॅटरीवरचं लेबल वाचा. लेड-ॲसिड आहे की लिथियम, यावर पुढचं सगळं ठरतं. हल्लीच्या हलक्या गाड्यांत बहुधा लिथियम आयर्न फॉस्फेट असते. दोन्हींवर १२ व्होल्ट लिहिलेलं असलं तरी मीटरवरच्या आकड्यांचा अर्थ वेगळा आहे. चार्जर काढून काही तास ठेवलेली लेड-ॲसिड बॅटरी १२.७ ते १२.८ दाखवत असेल तर ती भरलेली आहे, १२.४ किंवा खाली असेल तर चार्ज करा. लिथियम बॅटरी भरलेली असताना १३.३ च्या आसपास असते. ती १२.८ दाखवत असेल तर जवळजवळ रिकामी आहे. '१२.८ आहे म्हणजे बॅटरी उत्तम' हा गैरसमज नव्या मालकांत फार आढळतो.

नुसत्या व्होल्टेजवर भरवसा ठेवू नका, लोडवर बघा. मीटरच्या पिना बॅटरीच्या टर्मिनलवर धरून सेल्फ मारा. आकडा साधारण १० व्होल्टच्या वर टिकला तर ठीक. ९ च्या खाली घसरत असेल तर बॅटरी उतरलेली, थकलेली किंवा अतिशय गार आहे.

लिथियम बॅटरीची एक खूण लक्षात ठेवा. गारठ्यात पहिला सेल्फ अगदी मरगळलेला असतो, दुसरा थोडा बरा, तिसरा आणखी बरा. करंट वाहिला की बॅटरी आतून ऊबदार होते आणि तिचा अंतर्गत रोध कमी होतो. लेड-ॲसिडचं याच्या उलट: प्रत्येक सेल्फ आधीच्यापेक्षा जड. लिथियम असेल तर सेल्फ मारण्याआधी हेडलाईट एक-दोन मिनिटं चालू ठेवा. काही गाड्यांत हेडलाईट इंजिन चालू झाल्यावरच लागतो. तिथे दोन-तीन सेकंदांचे छोटे सेल्फ मारा आणि मध्ये अर्धा मिनिट थांबा. पहिला सेल्फ मेल्यासारखा वाटला म्हणून चांगली लिथियम बॅटरी टाकून देणारे लोक आहेत, तसं करू नका.

सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबायचा नाही. ही मोटर लहान असते आणि लगेच तापते.

चार्जिंगमध्ये तीन खड्डे आहेत:

- लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली असताना चार्ज करू नका. आत धातूरूप लिथियमचा थर बसतो आणि बॅटरी कायमची अधू होते. आधी खोलीत आणून तापमानाला येऊ द्या.
- काही चार्जरमध्ये 'डिसल्फेशन' किंवा 'रिपेअर' मोड असतो. तो लेड-ॲसिडसाठी आहे, लिथियमला तो लावायचा नाही.
- उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी कडाक्याच्या थंडीत आतून गोठू शकते, भरलेली सहसा गोठत नाही. बॅटरीची बाजू फुगलेली दिसली तर तिला चार्जर किंवा जंप लावू नका.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे रात्री बॅटरी काढून घरात ठेवणं. काढताना आधी निगेटिव्ह सोडवा, बसवताना निगेटिव्ह शेवटी.

३. वायर, अर्थ आणि रिले

ही पायरी बहुतेक जण वगळतात आणि नवी बॅटरी घेऊन येतात. नवी बॅटरी थोडी जोरकस असल्याने आठवडाभर बरं चालतं, मग परत तेच. चिखल, पाण्याचा फवारा आणि हादरे यांमुळे डर्ट बाईकचे जोड इतर गाड्यांपेक्षा लवकर बिघडतात. उन्हाळ्यात हा दोष लपून राहतो, थंडीत मोटर जास्त करंट मागते तेव्हा उघडा पडतो.

तपासणी व्होल्टेज ड्रॉपची करायची, म्हणजे करंट वाहत असताना वायरीत किंवा जोडात किती व्होल्ट वाया जातात ते मोजायचं. वायर डोळ्यांनी चांगली दिसते, मीटरच्या 'बीप' मोडवरही (वायर तुटलेली नाही एवढंच सांगणारी चाचणी) पास होते, कारण त्या चाचणीत करंट अगदीच क्षुल्लक असतो. खरी परीक्षा सेल्फ मारतानाच होते. पेट्रोल कॉक बंद करा आणि मीटर डीसी व्होल्टवर ठेवा.

पॉझिटिव्ह बाजू: लाल पिन बॅटरीच्या प्लसच्या खांबावर, काळी पिन स्टार्टर मोटरच्या बोल्टवर. बटण न दाबता मीटर जवळपास पूर्ण बॅटरी व्होल्टेज दाखवेल. घाबरू नका, रिले उघडा असल्याने तसं दिसतं. आता सेल्फ मारा. आकडा ०.५ च्या खाली आला पाहिजे. जास्त राहिला तर रिलेच्या दोन जाड बोल्टांवर पिना लावून पुन्हा बघा. तिथेच बराचसा ड्रॉप दिसला तर रिलेचे पॉइंट जळालेत, रिले बदला.

निगेटिव्ह बाजू: काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या खांबावर, लाल पिन स्टार्टर मोटरच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारताना ०.२ ते ०.३ पेक्षा जास्त नको.

पिन खांबावरच टेकवा, टर्मिनलच्या बोल्टवर नको. खांब आणि टर्मिनल यांच्यामधल्या जोडातच दोष असेल तर तो नाहीतर सापडणार नाही.

माझ्या गाडीवर दोष निगेटिव्ह बाजूला निघाला. सेल्फ मारताना तिथे जवळजवळ एक व्होल्ट गायब होत होता. अर्थ वायरचं रिंग टर्मिनल बोल्टखाली घट्ट बसलेलं, वरून चकचकीत. बोल्ट काढला तर खालच्या बाजूला पांढरट-हिरवी पूड, आणि जिथे रिंग टेकते तिथे निम्म्या जागेवर पेंटचा थर तसाच. म्हणजे सगळा करंट बोल्टच्या आट्यांतून वाट काढत होता. पेंट खरवडून धातू उघडा केला, रिंग पॉलिश पेपरने घासली, पूड काँटॅक्ट क्लीनरने धुतली, बोल्ट कसला आणि वरून डायइलेक्ट्रिक ग्रीसचा हात फिरवला. त्याच बॅटरीवर, त्याच गारठ्यात इंजिन झपाट्याने फिरू लागलं. ग्रीस जोड कसून झाल्यावर वरून लावायचं, दोन धातूंच्या मध्ये भरायचं नाही.

४. इंजिनचा जडपणा कमी करा

गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाका, क्लच पूर्ण दाबा आणि गाडी पुढे-मागे ढकला. सुरुवातीला मागचं चाक अडेल, मग 'टच्' करून प्लेटा सुटतील आणि गाडी मोकळी पळेल. आता न्यूट्रलमध्ये आणा आणि क्लच दाबूनच सेल्फ मारा, म्हणजे घट्ट ऑइलात गिअरबॉक्स फिरवण्याचा बोजा मोटरवर कमी पडतो.

किक असेल तर इग्निशन बंद ठेवून पाच-सहा वेळा सावकाश किक दाबा. ऑइल हलतं, पिस्टन-रिंग मोकळ्या होतात आणि बॅटरी खर्च होत नाही.

गिअरबॉक्समध्ये मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच ऑइल आहे ना, ते बघा. आधीच्या मालकाने 'जाड ऑइल म्हणजे जास्त संरक्षण' असं समजून भलतंच भरलेलं असू शकतं. थंडीसाठी पातळ ग्रेड मॅन्युअलने सांगितला असेल तर तो वापरा. हे ऑइल आणि पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी ऑइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

५. मोटर फिरते, इंजिन नाही

बऱ्याच गाड्यांत बेंडिक्स पद्धतीचा गिअर असतो. मोटर फिरली की तो पुढे सरकून मोठ्या दातांच्या चक्रात गुंततो. त्याच्या शाफ्टवरचं जुनं ग्रीस आणि धूळ मिळून चिकट लगदा होतो. उन्हाळ्यात गिअर त्यातून सरकतो, थंडीत अडकून बसतो. कव्हर काढा, शाफ्ट क्लीनरने साफ करा, आणि मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तेवढंच, अगदी पुसट वंगण लावा. जास्त ग्रीस म्हणजे पुन्हा तोच आजार. नव्या रचनेच्या काही इंजिनांत मोटर इंजिनच्या पोटाशी असते आणि कायम गुंतलेले गिअर व एकाच दिशेने पकडणारा क्लच वापरलेला असतो. तिथे घसरण्याचा आवाज येत असेल तर तो क्लच तपासून घ्या.

दात तुटण्याचं एक मोठं कारण कमजोर बॅटरी आहे. इंजिन कॉम्प्रेशनच्या टोकावरून पलीकडे जात नाही, ठिणगी पडते आणि इंजिन उलटा झटका देतं. तो झटका थेट गिअरच्या दातांवर बसतो. उतरत्या बॅटरीवर सेल्फ मारत राहणं एवढ्यासाठीही वाईट.

६. चोक आणि पेट्रोल (कार्बोरेटरच्या गाड्या)

पेट्रोल कॉक उघडा, चोक पूर्ण ओढा आणि थ्रॉटलला हात लावू नका. गाडी 'उचलावी' म्हणून थ्रॉटल फिरवायची सवय थंडीत घातक ठरते. या कार्बोरेटरमधला चोक म्हणजे जास्तीच्या पेट्रोलचा वेगळा मार्ग असतो आणि तो स्लाइडच्या (थ्रॉटलने वर-खाली होणाऱ्या झडपेच्या) मागे तयार होणाऱ्या खेचावर चालतो. थ्रॉटल उघडला की खेच जातो आणि चोक ओढलेला असूनही नसल्यासारखा होतो.

फारच गारठा असेल तर एक जुनी युक्ती आहे. कॉक उघडा ठेवून गाडी एका बाजूला चांगली कलवा, ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोलचे थेंब दिसेपर्यंत, मग सरळ करा. नळीखाली डबा धरा आणि थेंब पुसल्याशिवाय सेल्फ मारू नका. याने बाउलमधली (कार्बोरेटरच्या तळच्या पेट्रोलच्या वाटीतली) पातळी वाढून सुरुवातीचं मिश्रण रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचं, होतं.

पेट्रोल जुनं असेल तर आधी बाउल रिकामा करा. सहज पेटणारा हलका अंश उडून जातो, आणि थंडीत लागतो तोच. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी शोषतं. बाउलच्या तळाशी पाण्याचे मणी दिसले तर टाकीही तपासा.

चोकवर चालू होते पण चोक काढताच मरते, असं दरवेळी होत असेल तर पायलट सर्किट (थ्रॉटल बंद किंवा थोडाच उघडा असताना पेट्रोल देणारा मार्ग) लीन आहे. टू-स्ट्रोकच्या नेहमीच्या कार्बोरेटरवर एअर स्क्रू असतो: आत फिरवला की रिच, बाहेर काढला की लीन. फोर-स्ट्रोकच्या बऱ्याच कार्बोरेटरवर फ्युएल स्क्रू असतो आणि त्याचं गणित बरोबर उलटं, म्हणून मित्राच्या फोर-स्ट्रोकचा सल्ला इथे लावू नका. पाव-पाव फेरा आत घेऊन बघा. स्क्रू पूर्ण बंद अवस्थेपासून एका फेऱ्यापेक्षाही कमी उघडा ठेवावा लागत असेल तर पायलट जेट एक नंबर मोठा हवा. थंडी सरली की मूळ जेट परत घाला.

दोन गोष्टी करू नका. थंडी आहे म्हणून टू-टी ऑइलचं प्रमाण स्वतःच्या मनाने वाढवू नका. ऑइल वाढलं म्हणजे तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल कमी झालं, म्हणजे गाडी आणखी लीन. आणि ईथरचा स्टार्टिंग स्प्रे मारू नका. टू-स्ट्रोकचं वंगण पेट्रोलसोबत येतं. स्प्रे सोबत ऑइल आणत नाही, उलट आहे ते धुऊन काढतो.

७. ओव्हरफ्लो झाली तर

प्लग काढा. टोक ओलं आणि पेट्रोलचा भपका येत असेल तर गाडी ओव्हरफ्लो आहे. कॉक बंद, चोक बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि प्लग बाहेर असतानाच काही किक किंवा दोन छोटे सेल्फ मारून आतलं पेट्रोल बाहेर काढा. त्या वेळी काढलेला प्लग कॅपमध्ये बसवून, भोकापासून दूर, इंजिनच्या धातूला टेकवून ठेवा. कॅप तशीच मोकळी सोडली तर इग्निशन युनिटला धोका असतो, आणि भोकाजवळ ठिणगी पडली तर आगीचा. शक्यतो किल स्विच दाबूनच करा. मग नवा प्लग लावा, चोकशिवाय प्रयत्न करा.

प्लग पूर्ण कोरडा निघाला तर पेट्रोल पोचतच नाहीये. कॉक, टाकीच्या झाकणाची ब्रीदर नळी, फिल्टर आणि पायलट जेट बघा.

८. इंजेक्शनच्या गाड्या

केटीएम आणि हुस्कवार्नाच्या टू-स्ट्रोक एन्ड्युरोमध्ये २०१८ च्या मॉडेलपासून टीपीआय (ट्रान्सफर पोर्ट इंजेक्शन) आलं. तिथे वरचा चोकचा भाग लागू नाही. कोल्ड स्टार्टचा नॉब असतो, पण त्याने जास्तीची हवा मिळते. पेट्रोल किती द्यायचं ते ईसीयू (इंजिनचा कंट्रोल कॉम्प्युटर) कूलंटच्या तापमानावरून ठरवतो. थ्रॉटल इथेही बंदच.

या गाड्यांत बॅटरीचं महत्त्व दुप्पट, कारण पंप आणि ईसीयू तिच्यावरच चालतात. इंजिन बऱ्यापैकी फिरत असूनही व्होल्टेज फार पडलं तर ठिणगी किंवा पेट्रोल मिळत नाही. पंपाचा आवाज थांबेपर्यंत वाट पाहा, मग सेल्फ मारा. कूलंट टेंपरेचर सेन्सर बिघडला तर फक्त थंड इंजिनलाच त्रास होतो. गरम गाडी चटकन लागते आणि थंड लागत नाही, असं असेल तर तोही तपासून घ्या.

९. अडकलात तर

किक असेल तर उरलेली बॅटरी सेल्फवर घालवू नका, किक मारा. जंप द्यायचा असेल तर दुसऱ्या गाडीचं इंजिन बंद ठेवून, फक्त तिच्या बॅटरीवरून द्या. प्लस प्लसला, शेवटचा निगेटिव्ह क्लिप इंजिनच्या धातूला. धक्का मारताना दुसरा किंवा तिसरा गिअर घ्या. पहिल्यात ओल्या किंवा बर्फाळ जमिनीवर चाक नुसतं घसरतं. इंजेक्शनच्या गाडीला धक्का देण्याचा फायदा बॅटरीत पंप चालण्याइतका जीव असेल तरच.

एवढं सगळं नीट असूनही फक्त थंडीतच रखडत असेल तर रीड वाल्व्हची (कार्बोरेटर आणि क्रँककेसमधल्या एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपेची) पानं बघा. टोक उडालेलं असेल किंवा पान बसलेलं असताना फटीतून उजेड दिसत असेल तर बदला. त्यानंतर कॉम्प्रेशन मोजा. झिजलेल्या रिंगा गरम असताना कशाबशा चालवून नेतात, थंडीत नेत नाहीत.

१०. चालू झाल्यावर

इथे घाई केलीत तर नुकसान सेल्फच्या त्रासापेक्षा कितीतरी मोठं होतं. ॲल्युमिनियमचा पिस्टन झटकन तापून फुगतो, पण सिलिंडरभोवतीचं कूलंट अजून गार असतं. त्या अवस्थेत जोराने पिळलं तर पिस्टन सिलिंडरमध्ये धरतो. यालाच कोल्ड सीझ म्हणतात. चोकवर अर्धा-एक मिनिट, मग चोक काढून हलक्या थ्रॉटलवर तीन-चार मिनिटं. सिलिंडर आणि रेडिएटरचा वरचा भाग हाताला कोमट लागला की निघा, आणि पहिली काही मिनिटं अर्ध्या थ्रॉटलच्या वर जाऊ नका.

इंजिन मध्यम आरपीएमवर असताना बॅटरीवर मीटर लावा. १३.८ ते १४.४ च्या दरम्यान दिसलं तर चार्जिंग ठीक. तरी पाच-दहा मिनिटांच्या फेरीत सेल्फने खाल्लेली वीज भरून येत नाही. थंडीत छोट्या फेऱ्याच होत असतील तर बॅटरी अधूनमधून चार्जरवर लावा. परत आल्यावर कॉक बंद करा, कारण फ्लोटचा वाल्व्ह गळत असला तर रात्रभरात पेट्रोल क्रँककेसमध्ये उतरतं आणि सकाळी पहिल्याच सेल्फला गाडी ओव्हरफ्लो मिळते. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी असेल तर आजच काढा. एथिलीन ग्लायकॉलचं अर्धं-अर्धं मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खालपर्यंत गोठत नाही, साधं पाणी शून्यालाच गोठून सिलिंडरला तडा देऊ शकतं.